वाटेची वाट लावणाऱ्या भाऊंस खुले पत्र

मु. पो. खांडबारा, ता. नवापूर, जि. नंदुरबार

प्रति,
अस्तंब्याच्या डोंगरावर वळण तोडून सरळ खाली उतरलेले भाऊ यांस,

विषय : आपण पाडलेल्या शॉर्टकटच्या भरपाईबाबत.



भाऊ, तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाव विचारावं एवढा वेळ तुम्ही थांबला नाहीत. गटातल्या सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, हातात मोबाइल आणि खाली उभ्या असलेल्या गाडीपर्यंत सगळ्यांच्या आधी पोचायची घाई, एवढीच तुमची ओळख आमच्याकडे आहे. पण मागे जे ठेवून गेलात त्यावरून मी तुम्हाला चांगलं ओळखतो. हे पत्र बंद पाकिटात घालून पाठवायला पत्ता नाही. शिवाय तुमच्यासारखे इतके आहेत की एकाच्या पत्त्यावर पाठवून भागणारही नाही. म्हणून उघडच लिहितो.

दसरा झाला होता, पाऊस उघडला होता. धनत्रयोदशीपासून अस्तंब्याची यात्रा सुरू होते. त्याआधी वाट नीट करावी म्हणून आमच्या खांडबारा-नवापूरकडची काही माणसं आणि डोंगरातल्या पाड्यांवरची मंडळी एक दिवस जमली होती. आम्ही सकाळी खांडबारा स्टेशनवरून गाडी धरली, नंदुरबारला उतरून तळोद्याकडे गेलो. सोबत पावड्या, टिकम, पहारी, घमेली होती. दुपारी तुमचा गट वरून उतरत आला. वळणावर पाड्यावरचा एक शाळकरी मुलगा उभा होता. तो तुम्हाला म्हणाला, "दादा, तिथून उतरू नका, माती सुटते. वाट इकडून आहे." तुम्ही त्याच्याकडे न बघता उत्तर दिलंत, "आम्ही ट्रेकर आहोत रे, आम्हाला वाट लागत नाही." आणि टाचा रोवत, घसरत, हसत सरळ खाली गेलात. तुमच्या मागून तुमचे सोबती गेले. पहिला माणूस जातो तिथून मागचे जातात, हे डोंगरात न शिकवता घडतं.

वाट लागत नाही म्हणालात. ती कुणाला लागते ते आधी सांगतो, मग ती कशी बनते ते सांगतो आणि शेवटी तुमच्याकडून काय हवं ते सांगतो.

अस्तंबा म्हणजे सातपुड्यातलं सुमारे 1325 मीटर उंचीचं शिखर. नंदुरबार जिल्ह्यात याहून उंच डोंगर नाही. चिरंजीव अश्वत्थामा इथं आहे, कपाळावरची जखम घेऊन तो या रानात हिंडतो, जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून भाविक येतात. कोठार, देवनदी, असली, जुना अस्तंबा असे टप्पे करत, रात्रीसुद्धा चालत राहतात. आमच्या घरातले म्हातारे तरुणपणी अनवाणी गेले. तुम्ही ज्याला ट्रेक म्हणता, ती त्यांची यात्रा.

यात्रा संपल्यावरही ती वाट रिकामी पडत नाही. रेशनच्या दुकानातून धान्य आणायला, मोहाची फुलं वेचायला, चाऱ्याचा भारा आणायला, बाजारला, दवाखान्याला पाड्यावरची माणसं वर्षभर याच वाटांनी जातात. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांपर्यंत अजून चारचाकी पोचत नाही. बाळंतपणात अडलेल्या बाईला किंवा साप चावलेल्या पोराला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून खाली आणावं लागतं. वर्तमानपत्रांनी त्या झोळीला 'बांबुलन्स' असं नाव दिलं आहे. दोन माणसं पुढे, दोन मागे, मध्ये हेलकावणारी झोळी. पुढच्याचा पाय घसाऱ्यावर सटकला तर झोळी जमिनीवर आदळते. तुम्हाला पाठीवरच्या सॅकचा तोल सांभाळायचा असतो, त्यांना जिवंत माणसाचा. तुम्ही ज्या वळणाला फाटा दिलात, ते वळण त्यांच्यासाठी पाय टेकायची आणि खांदा बदलायची जागा आहे. "आम्हाला वाट लागत नाही" हे वाक्य त्या झोळीतल्या बाईसमोर उभं राहून म्हणून बघा.

आता वाट कशी बनते ते ऐका. तुम्हाला वाटत असेल की माणसं चालली की वाट आपोआप पडते. पडते खरी, पण टिकत नाही. सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा. त्यावर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस त्यावर झोडपतो. गवताची मुळं माती धरून ठेवतात, पण वाटेवर गवत नसतं. तिथली माती पायांनी दाबून घट्ट झालेली असते, त्यामुळे पाणी मुरत नाही, वाहतं. वाटेचा सगळा प्रश्न हा पाण्याचा प्रश्न आहे. वाटेवर आलेलं पाणी पाच-दहा पावलांत बाजूला काढून दिलं तर वाट राहते. ते वाटेवरूनच धावू लागलं तर दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो.

म्हणून वळणं असतात, भाऊ. ज्यांनी वळणं घातली त्यांना सरळ चढता येत नव्हतं असं नाही. आज जगभर वाटा बांधणारे लोक एक हिशेब पाळतात : वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही आणि एकूण वाट सरासरी 10 टक्के चढाच्या आसपास राखायची. म्हणजे दहा पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल वर. एवढ्याने पाणी वाट आडवी ओलांडून उताराला निघून जातं. पुस्तक न वाचलेल्या आपल्या वाडवडिलांनी बैलाच्या आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाईच्या पावलांनी हाच हिशेब मांडला होता. सरळ उतारावर मात्र पाण्याला अडवणारं काही उरत नाही. त्याचा वेग दुप्पट झाला की माती ओढून नेण्याची ताकद कित्येक पटींनी वाढते. तुमच्या टाचांनी उकरलेली रेघ ही पाण्याला काढून दिलेली पन्हळ आहे.

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा आम्ही काय करत होतो, तेही बघायला हवं होतंत. पाड्यावरच्या एका आजांनी कळशीतलं पाणी वळणाच्या वर वाटेवर ओतलं आणि ते कुठं जातं ते बघत उकिडवे बसले. पाणी आधी डावीकडे गेलं, एका खळग्यात थांबलं, मग वाटेच्या मधून खाली निघालं. आजांनी जिथून ते मध्ये शिरलं तिथं टिकमाच्या टोकाने तिरकी रेघ मारली. "इथं," एवढंच म्हणाले. त्या रेघेवर आम्ही चर खणला आणि दगडांची ओळ बसवली. दगड नुसता ठेवून चालत नाही, पुरावा लागतो. निम्म्याहून जास्त मातीत आणि थोडासा वर. ओळ वाटेच्या दोन्ही कडांच्या बाहेरपर्यंत न्यावी लागते, नाहीतर पाणी कडेने वळसा घालून पुन्हा वाटेवर येतं. ती आडवी ठेवली तर मागे गाळ साठतो, म्हणून तिरकी ठेवायची. म्हणजे पाणी ओळीला लागलं की स्वतःच गाळ घेऊन बाहेर पडतं. बाहेर पडायच्या तोंडाशी सपाट दगड मांडायचे, की उतारावरची माती खरवडली जाऊ नये. प्रत्येक दगड बसवल्यावर त्यावर उभं राहून उडी मारायची. हलला तर उपसायचा आणि पुन्हा पुरायचा. एक दगड आमच्याकडून तीनदा उपसवला आजांनी. पहारीने हाताला फोड आले, पण ओळ अशी बसली की बैल गेला तरी हलली नसती.

तुम्ही त्याच वळणाच्या वरच्या अंगाने उतरलात. तुमच्या पायाने सुटलेला दगड गडगडत येऊन त्या ओळीवर आदळला आणि तोंडाशी मांडलेले सपाट दगड विस्कटले. ते आम्ही तेव्हाच नीट केले. पण जाताना तुमच्यापैकी कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली झुडपात अडकली होती, ती कुणाला दिसली नाही. मग दिवाळीच्या तोंडावर एक जोराची सर आली. यात्रेला गेलो तेव्हा बघितलं : बाटली वाहत येऊन चराच्या तोंडात आडवी बसली होती. तिच्यामागे सागाची पानं, पानांमागे कुरकुऱ्यांचं पाकीट, पाकिटामागे गाळ. चर तुंबला. पाणी ओळीवरून उसळून पुन्हा वाटेवर आलं आणि खालच्या वळणापर्यंत वीतभर खोल ओघळ पाडून गेलं. वर तुमचा शॉर्टकट, खाली हा ओघळ. दोन्ही मिळून आता तिथं एक घळ धरू लागली आहे. त्यावर पाय ठेवला की मुरूम चुरचुरत खाली सरकतो.

तुम्ही वाचवलीत फार तर पाच मिनिटं. त्यापायी तीन पिढ्या जपलेलं एक वळण गेलं. काळ्या पाषाणावर इंचभर माती तयार व्हायला शतकं लागतात. घळीतून वाहून जाणारी माती तुमच्या-माझ्या हयातीत परत येणार नाही.

तुम्ही काय म्हणाल, तेही मला माहीत आहे. तुमच्या आधीच्यांनी हेच म्हटलं आहे. एकेकाचं उत्तर देतो.

"माझ्या एकट्याने काय होतं?" तुम्ही एकटे नव्हतात. तुमच्या मागे तुमचा गट होता, आणि तुमच्या पायांनी मळलेली रेघ बघून पुढच्या रविवारी आलेला दुसरा गट. नव्या माणसाला मूळ वाट कोणती आणि फोडलेली कोणती हे कळत नाही. ज्यावर पावलं दिसतात त्यावर तो जातो. पहिलं पाऊल टाकणारा सगळ्यात मोठा गुन्हेगार असतो, आणि ते तुमचं होतं.

"हे सरकारचं काम आहे." वन विभागाचं काम आहे, पंचायतीचं आहे, हे खरं. ते त्यांनी करावं म्हणून आम्ही अर्ज करत असतो, यापुढेही करू. पण सरकारने शॉर्टकट पाडला नाही आणि सरकारने बाटली टाकली नाही. कायदाही वाचून ठेवा : राखीव जंगलात परवानगीशिवाय जमीन फोडणं आणि आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, तेव्हा पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये दंड आणि कैद ठरली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. कायदे पुरेसे आहेत. डोंगराच्या प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही, म्हणून तिथं एक शाळकरी पोरगा उभा होता.

"आम्ही निसर्गप्रेमी आहोत." प्रेमाचा पुरावा फोटोत नसतो, हातात असतो. तुमच्या मोबाइलमध्ये अस्तंब्याचा सूर्योदय आहे. आमच्या डोळ्यांसमोर तुमची घळ आहे.

"आमच्यामुळे गावाला चार पैसे मिळतात." चहा-भाकरीचे पैसे मिळतात, त्याबद्दल पाड्यावर कुणी तुम्हाला नाव ठेवत नाही. पण ज्या बाईने तुम्हाला भाकरी करून दिली, तिचीच वाट तुम्ही मोडलीत. भाकरीच्या पैशात वाट मोडायचा हक्क विकत मिळत नाही.

"वाटा काय, मोडतात आणि पुन्हा पडतात." पुन्हा कुणीतरी बांधतं म्हणून पडतात. वाट शेताच्या बांधासारखी असते : दरवर्षी माती घातली नाही तर दोन्ही बाजूंची शेतं वाहून जातात. ज्याला बांध धरायचा नाही त्याने बांधावरून चालूही नये.

दुसऱ्यासाठी मोबदल्याविना हात लावणं ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात भिल्ल समाजात 'हलमा' आहे : एखाद्यावर वेळ आली आणि त्याने हाक दिली की सगळ्यांनी कुदळ-फावडं घेऊन धावून जायचं, कामाचा पैसा घ्यायचा नाही. तिथल्या शिवगंगा संस्थेने ही परंपरा पाणी अडवायला लावली. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर गावोगावचे लोक एकत्र येऊन चर खणतात. त्या कामासाठी महेश शर्मांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव बघा. उजाड झालेलं जंगल गावाने नियम करून, पहारा देऊन, चर खणून पुन्हा उभं केलं. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या पट्ट्यातल्या प्रत्येक पाड्याची मान ताठ झाली. वऱ्हाडात गाडगेबाबा गावात पाऊल ठेवल्यावर आधी झाडू हातात घ्यायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. 1956 मध्ये ते गेले. रस्ता वापरणाऱ्यानेच तो साफ करायचा, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवून ठेवलं आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये सुरू झाली. कॉलेजात असताना तुम्हीही कदाचित तिच्या शिबिरात घमेली उचलली असतील. मग डोंगरात आल्यावर ते हात कुठं जातात?

परदेशाचं उदाहरण तुम्हाला जास्त पटत असेल तर तेही देतो. अमेरिकेतली अॅपलाचियन ट्रेल ही पायवाट जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाते, सुमारे 3,500 किलोमीटर. बेंटन मॅके यांनी तिची कल्पना 1921 मध्ये मांडली आणि 1937 मध्ये ती अखंड झाली. आजही तिची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक करतात. तीसेक स्थानिक मंडळांनी आपापला टप्पा वाटून घेतला आहे. सुट्टीच्या दिवशी लोक कुऱ्हाड-कुदळ घेऊन जातात, पडलेली झाडं बाजूला करतात, पाण्याचे चर साफ करतात आणि वळण तोडून पडलेल्या रेघा बंद करतात. तिथं चालणाऱ्यांनाही घाई असते, तिथंही बाटल्या पडतात. फरक एवढाच की चालणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कधी ना कधी त्या वाटेवर दगड बसवलेला असतो. स्वतः दगड बसवलेला माणूस वळण तोडत नाही.

आपल्या सह्याद्रीतही असे हात आहेत. किल्ल्यांवर सुट्टीच्या दिवशी टाक्यांमधला गाळ काढणारी, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करणारी तरुण मंडळं गावोगावी आहेत. पण येणाऱ्यांची गर्दी त्यांच्या हातांपेक्षा वेगाने वाढते आहे. कळसूबाईच्या 1,646 मीटरच्या माथ्यावर सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते. 11 जुलै 2025 रोजी मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आमच्या उत्तर महाराष्ट्रातला साल्हेरही आहे. मान मोठा आहे, आनंदही आहे. पण साल्हेरवर आता येणाऱ्या हजारो पायांतले निम्मे जरी तुमच्यासारखे असले, तर दगडी दरवाजे राहतील आणि दरवाजापर्यंत नेणारी वाट राहणार नाही. सातपुड्यात तर अजून गर्दी यायची आहे. तोरणमाळला रस्ता झाला, अस्तंब्याचे व्हिडिओ आत्ताच सगळीकडे फिरत आहेत. ज्या चुका सह्याद्रीत झाल्या त्या इथं होऊ द्यायच्या नाहीत, म्हणून आत्ता बोलतो आहे. ओघळ वीतभर असताना एका दिवसात भरतो. पुरुषभर झाला की पिढी जाते.

आता मागणी. माफीनाम्याची पोस्ट नको. पैसे नकोत. तुमचा एक दिवस हवा.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर, यात्रेच्या आधी, ग्रामसभेच्या संमतीने आणि वन विभागाला कळवून पुन्हा काम निघेल. त्या दिवशी या. जाड तळव्याचे बूट घाला, हातमोजे आणा, पाणी स्टीलच्या बाटलीत आणा. जेवायला नागलीची भाकरी आणि ठेचा पाड्यावर मिळेल, त्याचे पैसे रीतसर द्या. सकाळी आजा जे सांगतील ते ऐकायचं. डोंगरात कित्येक वर्षं काढलेला माणूस पाणी कुठं जाणार ते पाण्याच्या आधी सांगतो.

तुमच्याकडे पहिलं काम असेल तुमचाच शॉर्टकट बंद करायचं. वरच्या तोंडाला आणि खालच्या तोंडाला बोरी-बाभळीच्या सुक्या काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या, त्यांच्यामागे मोठे दगड रचायचे, म्हणजे नवा माणूस तिकडे वळणार नाही. मधल्या रेघेत ठरावीक अंतराने दगडांचे छोटे बांध घालायचे, म्हणजे पाणी अडेल आणि गाळ साठेल. शेजारच्या गवताचे मुळासकट ठोंब काढून त्या गाळात लावायचे. ते पहिल्या पावसाळ्यात धरले तर दोन-तीन वर्षांत रेघ दिसेनाशी होते. दुसरं काम, वळणावरचा तुंबलेला चर हाताने उपसायचा. त्यातून निघणारं प्लास्टिक गोणीत भरून पाठीवर खाली आणायचं. ते डोंगरावर जाळायचं नाही, पुरायचं नाही. तिसरं काम, दगडांची ओळ नव्याने पुरायची. दगड हलला तर उपसून पुन्हा. तिसऱ्यांदा उपसायची वेळ आली की कळेल, त्या दिवशी आम्ही काय करत होतो.

काही बंधनं आहेत. नवी वाट काढायची नाही, असलेलीच नीट करायची. जिवंत झाड तोडायचं नाही. दगडांवर रंगाने नावं आणि बाण काढायचे नाहीत. चूल पेटवायची नाही. मोहाच्या दिवसांत वणव्यांनी किती रान जातं ते आम्ही बघत आलो आहोत, त्यात भर नको. आणि पाड्यावरच्या माणसाशी बोलताना तो आपला नोकर नाही हे लक्षात ठेवायचं. जंगल त्याचं आहे, आपण पाहुणे आहोत.

एका दिवसात सगळा डोंगर दुरुस्त होणार नाही, हे आम्हालाही कळतं. एका दिवसात होतात फार तर दोन-चार वळणं. पण दरवर्षी इथून जाणाऱ्यांतला थोडा भाग जरी एकेक दिवस देऊ लागला तरी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकही चर तुंबलेला राहणार नाही. मनुष्यबळ कमी नाही. ते सगळं वाटेवरून फक्त जातं, वाटेसाठी थांबत नाही.

तुमच्यावर राग आहे, तो लपवत नाही. तरीही बोलावतो आहे, कारण तुमचे पाय दणकट आहेत आणि डोंगराची तुम्हाला ओढ आहे. असा माणूस चर खणायला हवाच. तुम्ही आलात तर पावडी तुमच्या हातात देऊ आणि मागचं काही काढणार नाही. आला नाहीत तर तुमची घळ आम्हीच भरू, कारण ती भरली नाही तर पुढच्या पावसाळ्यात झोळी घेऊन उतरणाऱ्यांचे पाय तिच्यात जातील. पण मग अस्तंब्याला येऊन गेलो असं चारचौघांत सांगू नका. वाट मोडून गेलो, असं सांगा.

कळावे.

आपला,
खांडबाऱ्याचा एक यात्रेकरू